टेक्निकल डायव्हिंगचा बॅकअप: काय अंगावर, काय बोटीवर, काय दुकानातच बरं

कोल्हापूरच्या डायव्हरचा रस्ता ठरलेला आहे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली आणि मग मालवण. किल्ल्याभोवतीचं पाणी उथळ आहे, तिथे बॅकअपचा प्रश्न फारसा येत नाही. तो येतो पुढच्या टप्प्यावर. वर येताना अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून थांबे घ्यावेच लागतात (डिकंप्रेशन, थोडक्यात डेको) अशा डाइव्ह सुरू झाल्या, म्हणजे अंदमान किंवा परदेशातली बुडालेली जहाजं बेतात आली, की हातात सामानाची यादी पडते. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एकच शब्द असतो: बॅकअप. दुसरा कॉम्प्युटर, तिसरा टॉर्च, दोन कप्प्यांची विंग (पाठीवरची हवेची पिशवी), पोनी नावाची छोटी जादा टाकी, टाकीतला दाब दाखवणारा दुसरा प्रेशर गेज. सगळं घेतलं तर लाखांत जातं, आणि सगळं अंगावर चढवलं तर माणूस जत्रेतल्या खेळण्यांच्या गाड्यासारखा दिसतो. एक ना धड भाराभर चिंध्या.

हे परीक्षण त्या यादीचं आहे. प्रत्येक वस्तूला कसोटी एकच लावली: ही वस्तू सर्वांत वाईट जागी बंद पडली, तर डाइव्ह तिथेच सोडून, ठरलेले थांबे घेऊन शांतपणे वर येता येतं का? येत असेल तर तिचा जोड अंगावर नको. येत नसेल तर हवाच, आणि तोही अर्धामुर्धा नको. जोड वस्तूही बिघडते, गळते, अडकते आणि लक्ष खाते, म्हणून "असू दे, कुठं बिघडतंय" हा हिशेब पाण्याखाली चालत नाही.

श्वासाची हवा

सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं इथेच घालावं.

आधी आकडे बघू. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असं धरलं, तर ४० मीटरवर दाब ५ बार असल्याने मिनिटाला १०० लिटर जातात. बाजारात 'स्पेअर एअर' नावाची हातभर लांबीची छोटी बाटली मिळते. तिच्या मोठ्या नमुन्यात ३ घनफूट म्हणजे सुमारे ८५ लिटर हवा मावते. ४० मीटरवर ही हवा एक मिनिटसुद्धा पुरत नाही. दहा-बारा मीटरवरून सरळ वर यायला ती ठीक आहे. डेको डाइव्हसाठी तिला शून्य गुण, आणि ती विमानातून नेण्याची कटकट वेगळीच.

तीन लिटरची पोनी टाकी त्याहून बरी. २०० बारला तिच्यात ६०० लिटर असतात. ४० मीटरवर एक मिनिट गोंधळ निस्तरायला १०० लिटर लागतात. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला साडेचार मिनिटं, सरासरी दाब ३ बार, म्हणजे २७० लिटर. पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याला ९० लिटर. एकूण ४६०. कागदावर जमतं. पण घाबरलेला माणूस २० नाही, ३० लिटर ओढतो. तेव्हा हाच हिशेब ६९० वर जातो आणि टाकी थांबा संपण्याआधीच रिकामी होते. वर सहा मीटरवर दहा मिनिटांचा डेको असेल तर आणखी ३२० लिटर हवेत. त्यामुळे पोनी ही खोल पण डेकोविना असलेल्या एकट्या टाकीच्या डाइव्हची सोबतीण आहे, आणि तेव्हाही तीनपेक्षा मोठी घ्यावी. टेक्निकलमध्ये तिची जागा दोन पूर्ण टाक्या घेतात.

दोन टाक्या म्हणजे एकतर पाठीवर मॅनिफोल्डने, म्हणजे दोन्हींमधली हवा एकत्र करणाऱ्या नळीने, जोडलेला जोड, नाहीतर दोन्ही बगलांना एकेक, म्हणजे साइडमाउंट. दोन्ही पद्धती चांगल्या. पण आपल्या देशात भाड्याने मिळते ती मुख्यतः ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची एकेरी टाकी. मॅनिफोल्ड लावलेला जोड मिळेलच असं नाही. टाकी विकत घेऊन घरी ठेवणं तर त्याहून किचकट, कारण गॅस सिलिंडर नियम २०१६ आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता यातून जावं लागतं. त्यामुळे कोल्हापुरातून फिरत डायव्हिंग करणाऱ्याला साइडमाउंटच जास्त व्यवहारी आहे: हार्नेस, विंग आणि दोन रेग्युलेटर बॅगेत, टाक्या तिथल्या. भाड्याची टाकी घेताना खांद्यावर कोरलेली शेवटच्या हायड्रो (पाण्याच्या दाबाच्या) चाचणीची तारीख वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर दुसरी मागा.

राखीव हवा किती, हे ठरल्याशिवाय कुठलाच बॅकअप खरा नाही. समजा ४० मीटरवर जोडीदाराची हवा संपली. दोघांचे मिळून मिनिटाला ४० लिटर. तळाशी दोन मिनिटं: ४० गुणिले ५ गुणिले २, म्हणजे ४०० लिटर. तिथून २१ मीटरपर्यंत, जिथे ५० टक्के ऑक्सिजनचं डेको मिश्रण सुरू करता येतं, तीन मिनिटं धरा. सरासरी दाब ४.०५ बार, म्हणजे ४८६ लिटर. बेरीज ८८६. दोन टाक्यांच्या २२.२ लिटर आकारमानाने भागलं की ४० बार येतात. घाबरलेल्या श्वासाचे ३० लिटर धरले तर ६०. म्हणजे दोन्ही टाक्यांत ६० बार उरले की डाइव्ह संपली, मासा कितीही देखणा असो. साइडमाउंटमध्ये हा आकडा प्रत्येक टाकीत वेगळा राखावा लागतो. एका बाजूला १०० आणि दुसरीकडे २० असा हिशेब चालत नाही, कारण फुटणारी बाजू तुम्ही निवडत नसता.

रेग्युलेटर दोन पूर्ण हवेत: दोन फर्स्ट स्टेज (टाकीवर बसून दाब कमी करणारा भाग), दोन सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग). एकाच फर्स्ट स्टेजला लावलेला ऑक्टोपस, म्हणजे जादा पिवळा सेकंड स्टेज, हा टेक्निकलमध्ये बॅकअप धरत नाहीत, कारण फर्स्ट स्टेज गेला की दोघेही गेले. तोंडातल्या रेग्युलेटरचा होज (नळी) २.१ मीटरचा लांब, दुसरा रेग्युलेटर आखूड होजवर इलॅस्टिकच्या हाराने हनुवटीखाली. हवा मागणाऱ्याला तोंडातला द्यायचा, कारण तो चालू आहे याची खात्री त्याच क्षणी असते. अमेरिकेतल्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्या शेक एक्सले आणि बिल मेन यांच्या पिढीतून ही मांडणी आली. गुहांबाहेरही ती टिकली, कारण तिच्यात सुटं लोंबणारं काही नाही.

पाठीवरच्या जोडात व्हॉल्व्हची दिशा समजून घ्या. छताला घासत पुढे गेलं की डाव्या खांद्यावरची मूठ बंद होण्याच्या दिशेने फिरते आणि उजवीची उघडण्याच्या. म्हणून तोंडातला लांब होज आणि विंगमध्ये हवा भरणारा इन्फ्लेटर उजव्या व्हॉल्व्हवर, गळ्यातला रेग्युलेटर आणि प्रेशर गेज डाव्यावर. यातूनच एक फसवा बिघाड जन्मतो. दोन टाक्या एकमेकींपासून तोडणारा मधला आयसोलेटर व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला, तर श्वास उजवीकडून जातो आणि गेज डावीकडचा दाब दाखवत राहतो. काटा हलत नाही, माणूस खूश, आणि मग अचानक हवा संपते. पाच-दहा मिनिटांत काटा जराही खाली आला नसेल तर आधी आयसोलेटर चाचपा. भरताना तो बंद राहिला असेल तर दोन टाक्यांत वेगवेगळं मिश्रणही असू शकतं, म्हणून तपासणी दोन्ही व्हॉल्व्हवर करा.

कोणता होज फुटला तर घाबरायचं, याबद्दल हमखास उलटा समज असतो. गेजचा हाय प्रेशर होज फुटला की आवाज आणि बुडबुडे भीतीदायक दिसतात, पण फर्स्ट स्टेजमधलं त्याचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असल्याने हवा हळू जाते. रेग्युलेटर किंवा विंगकडे जाणारा लो प्रेशर होज फुटला तर टाकी मिनिटांत मोकळी होते. म्हणून व्हॉल्व्ह बंद करायचा सराव हा या सगळ्या महागड्या सामानाचा निम्मा भाग आहे. पाठीमागे हात पोचत नसेल तर मॅनिफोल्ड नुसता शोभेचा. शहरातल्या तलावात दोन मीटर पाण्यात हा सराव होतो, त्यासाठी समुद्र लागत नाही.

वेणी घातल्यासारखे दिसणारे मऊ होज हल्ली सगळ्यांना आवडतात. हलके आहेत, बॅगेत गुंडाळले जातात. पण त्यांतल्या काहींच्या आतल्या पॉलियुरेथेनच्या नळीत स्फटिक धरून हवा अडल्याच्या नोंदी 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'ने मांडल्या आहेत, आणि उष्णता हे त्यामागचं एक कारण. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहणाऱ्या होजबद्दल वेगळं सांगायला नको. रबरी असो की वेणीचा, पाच वर्षांपलीकडे ठेवू नका. वाकवल्यावर कडक लागला किंवा आत भुकटी दिसली तर आजच काढा.

डेकोचं मिश्रण हरवलं तर

इथे बॅकअप म्हणून आणखी एक बाटली उचलायचा मोह होतो. साध्या डाइव्हला त्याची गरज नाही. ५.७ लिटरच्या छोट्या ॲल्युमिनियम टाकीत २०० बारला ११४० लिटर मावतात. सरासरी ९ मीटरवर १५ मिनिटांचा डेको, शांत पडलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला १५ लिटर, म्हणजे सुमारे ४३० लिटर. गरजेच्या दुप्पट मिश्रण प्रत्येकाने नेलं, की एकाची बाटली निकामी झाली तरी दोघे आळीपाळीने वापरून वर येतात. जोडीदार हाच बॅकअप. त्यासाठी तो शेजारी असावा लागतो, वीस मीटरवर फोटो काढत नव्हे.

याच्या जोडीला कागद. मूळ बेत, तीन मीटर खोल गेलो तर, पाच मिनिटं उशीर झाला तर, आणि डेको मिश्रण मिळालंच नाही तर, असे चार तक्ते सॉफ्टवेअरमधून काढून पाण्यात लिहिता येणाऱ्या वहीत उतरवा. शेवटच्या तक्त्याला लागणारी हवा पाठीवर नसेल तर बेत लहान करा. वही स्वस्त आहे, आणि पाच पैकी पाच गुण निःसंकोच.

बाटलीवर खोलीचा आकडा मोठ्या अक्षरांत चिकटवा: ५० टक्क्यांना २१, शुद्ध ऑक्सिजनला ६. डाव्या कुशीतल्या दोन बाटल्यांपैकी चुकीची तोंडात गेली तर झटके येतात, आणि त्यावर कुठलाही बॅकअप नाही.

कॉम्प्युटर

दुसरा हवा. मनगटावरचा कॉम्प्युटर तळाशी मेला आणि डेको बाकी असेल, तर किती खोली, किती मिनिटं हे कळायला काहीतरी हवंच. पण दुसरा कॉम्प्युटर पहिल्याएवढाच महाग हवा असं नाही. कागदावर तक्ते असतील तर खोली आणि वेळ दाखवणारं साधं बॉटम टायमर पुरतं. लांब डेको, दोन-तीन मिश्रणं अशी डाइव्ह असेल तर मात्र मिश्रण बदलू देणारा खरा कॉम्प्युटर घ्या.

दोन्ही घेताना बॅटरी बघा. 'शिअरवॉटर पर्डिक्स' एका साध्या पेन्सिल सेलवर चालतो, आणि तो सेल किराणा दुकानातसुद्धा मिळतो. चार्जिंगवाल्या कॉम्प्युटरची वायर घरी राहिली तर घाट उतरून गेलेला माणूस अडकतो. म्हणून निदान एक तरी सेलवर चालणारा असावा. झाकणाची ओ-रिंग सेल बदलताना पुसा. तिथे अडकलेला केसही आत पाणी आणतो.

दोन्ही कॉम्प्युटरचं गणित वेगळं असेल तर थांबे काही मिनिटांनी वेगळे येतात आणि पाण्यात वाद सुरू होतो, स्वतःशीच. ग्रेडिएंट फॅक्टर, म्हणजे थांबे किती सावधपणे धरायचे ते ठरवणारे आकडे, दोन्हीकडे एकच ठेवा, मिश्रणांची यादी एकच ठेवा. तसं जमत नसेल तर जास्त थांबायला सांगेल त्याचं ऐकायचं, हे जमिनीवरच ठरवा. बॅकअप म्हणून जुना हौशी कॉम्प्युटर बांधणाऱ्यांनी त्याचं माहितीपत्रक वाचावं. काही मॉडेल थांबा चुकला की रुसतात आणि पुढचे ४८ तास नुसतं खोली-वेळ दाखवतात.

प्रेशर गेजचा जोड? नको. बिनतारी ट्रान्समीटर आणि वर काट्याचा गेज, दोन्ही लावलेले बरेच दिसतात. गेज मेला तर डाइव्ह संपते, शेवटचा आकडा आणि गेलेला वेळ माहीत असतो, राखीव हवा ठरलेली असते. कसोटीला उतरत नाही. साइडमाउंटमध्ये दोन टाक्यांना दोन गेज असतातच, पण तो जोड नव्हे, गरज.

तरंगण्याची सोय

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. ११.१ लिटरच्या दोन टाक्यांत २०० बारला ४,४०० लिटरहून जास्त हवा, तिचं वजन सव्वापाच किलोच्या आसपास. उडी मारताना तुम्ही तेवढे जड असता, वर तळाशी सूट दबल्याने त्याची तरंगण्याची ताकद जाते. थंड देशातले डायव्हर ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट, घालतात, विंग फाटली तर सुटात हवा भरून वर येतात. आपल्या २८ अंशांच्या पाण्यात ड्रायसूट म्हणजे उकडलेलं अंडं. मग दोन कप्प्यांची विंग सुचवली जाते.

तिच्या आधी एक गोष्ट करा: स्टीलच्या जाडजूड टाक्या आणि तीन मिलिमीटरचा सूट ही जोडी टाळा. ॲल्युमिनियमच्या टाक्या, सोडता येतील असे थोडे शिसे, आणि विंग पूर्ण रिकामी करून, भरल्या टाक्यांनी, चार-पाच मीटरवरून पाय मारत वर येता येतं का याची प्रत्यक्ष चाचणी. येत असेल तर दोन कप्पे नकोत. येत नसेल तर आधी वजन बदला. एवढं करूनही जड टाक्या आणि दोन डेको बाटल्या न्यायच्याच असतील, तर मात्र दोन कप्प्यांची विंग योग्य. तिचा दुसरा इन्फ्लेटर वेगळ्या फर्स्ट स्टेजवरून घ्या. त्याचा होज जोडून ठेवला आणि बटण गळकं निघालं, तर विंग आपोआप भरत जाते आणि माणूस वेगळ्याच कप्प्यातून हवा सोडत बसतो. म्हणून होज जागेवर पण न जोडलेला ठेवायची पद्धत आहे, आणि तो जोडायचा सराव करावा लागतो.

एसएमबी, म्हणजे वर सोडायचा नळीसारखा फुगा, हा तरंगण्याचा बॅकअप म्हणून सांगितला जातो. चपटा धरून १५ सेंटीमीटर रुंद आणि १.४ मीटर लांब फुगा घेतला तर त्यात फार तर १० लिटर मावतात, म्हणजे १० किलो. आकडा पुरेसा आहे, पण दोरीला लटकून थांबे घेणं ही कसरत आहे. मुख्य आधार म्हणून धरू नका.

पण फुगे दोन हवेतच, हे वेगळ्या कारणासाठी. एक फाटला किंवा दोरी सुटली आणि प्रवाहात वाहत डेको करत असलात, तर बोटवाल्याला तुम्ही कुठे आहात हे कळायला दुसरा मार्ग नाही. लाल किंवा केशरी एक, पिवळा एक, आणि पिवळा म्हणजे "अडचणीत आहोत" हा अर्थ निघण्यापूर्वी बोटवाल्याशी बोलून ठेवा. मालवणी नाखवा हे न सांगता ओळखेल असं गृहीत धरू नका. दोरीची रीळ प्रत्येकाला वेगळी. एकीवर खोलीच्या दीडपट दोरी, दुसरी ३० मीटरची पुरते.

बारकं सामान

मास्क: एक जादा, उजव्या मांडीच्या खिशात. कापडी पिशवीत ठेवा, नाहीतर वाळूने काच ओरखडते. नव्या काचेवरचा थर टूथपेस्टने घासून काढलेला असावा, नाहीतर गरजेच्या वेळी तो धुक्याने भरतो. मास्क नसताना थांब्याचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून कसोटीला उतरतो. महाग लागत नाही.

कापणारं साधन: दोन, आणि दोन्ही हातांना पोचतील असे. एक कमरेच्या पट्ट्यावर छोटा लाइन कटर, दुसरी सर्जिकल दुकानात मिळणारी जाड कात्री. कोकण किनाऱ्यावर हरवलेल्या नायलॉन जाळ्यांची भीती आहे, आणि तिथे कात्री सुरीपेक्षा खूपच वरचढ ठरते. कात्रीचा खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. गोड्या पाण्याने धुवा, दरवर्षी नवी घ्या. पिंडरीला बांधलेला मोठा चाकू चित्रपटातल्या नायकाला शोभतो. आपल्या पिंडरीवर तो दोरीला अडकायचं आणखी एक ठिकाण असतो.

टॉर्च: उघड्या समुद्रात दिवसा एक मुख्य, एक बॅकअप. गुहेत किंवा जहाजाच्या पोटात एक मुख्य आणि दोन बॅकअप, तिथे तडजोड नको. बॅकअप टॉर्चला साधे अल्कलाइन सेल बरे, कारण ते मंद होत जाऊन आधी सांगतात. लिथियमची संरक्षक सर्किट एकदम तोंड फिरवते. डोकं पिळून लागणारे टॉर्च सैल ठेवले तर खोलीवरच्या दाबाने डोकं आत सरकून आपोआप पेटतात आणि वापरायच्या वेळी संपलेले असतात. हार्नेसच्या पट्ट्याला टॉर्च धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापा. विकतच्या रबरी कड्यांपेक्षा त्या चांगल्या आणि फुकट. पंक्चरवाल्याकडे मागितल्या की मिळतात.

होकायंत्र, फिन, फिनचा पट्टा: जोड नको. स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा लावा, प्रश्न मिटला.

पेटीतलं सामान

अंगावर न्यायचं नाही पण बोटीवर नसेल तर शनिवार-रविवार वाया जातो, असा हा भाग. आणि इथे कोल्हापूरकराची खरी सोय आहे. उद्यमनगरात हायड्रॉलिक सीलच्या दुकानात ओ-रिंग मापाने मिळतात. डायव्हिंगच्या दुकानात पाकिटाला जे पडतं, त्यात इथे बरीच जास्त संख्या येते. फक्त माप बरोबर सांगा, "स्कुबाची द्या" म्हटलं तर नुसते बघत राहतील.

टाकीच्या योक तोंडाची (रेग्युलेटर वरून चिमट्यासारखा आवळतात ते) ०१४ नंबर, आतला व्यास १२.४२ आणि जाडी १.७८ मिलिमीटर. डिन (टाकीच्या तोंडात आट्यांनी बसणाऱ्या) रेग्युलेटरची बहुतेक ११२, १२.३७ बाय २.६२, काहींची १११, १०.७७ बाय २.६२, आपली कोणती ते काढून मोजा. हाय प्रेशर पोर्टची ०१२, ९.२५ बाय १.७८. लो प्रेशरची ०११, ७.६५ बाय १.७८. गेजच्या फिरत्या सांध्यातली बारीक ००३, १.४२ बाय १.५२, आणि ही दोन-दोन लागतात. टाकी आणि रेग्युलेटर यांच्यामधली ९० ड्युरोमीटरची कडक घ्या, मऊ ७० ची तिथे दाबाने बाहेर ढकलली जाते. प्रत्येकी दहा-दहा पुरे.

एक सावधगिरी. साध्या हवेला काळी नायट्राइल चालते. ५० टक्के किंवा शुद्ध ऑक्सिजनच्या रेग्युलेटरसाठी व्हायटॉन किंवा ईपीडीएम मागा, आणि वंगण क्रायटॉक्स किंवा क्रिस्टो-ल्यूबसारखं ऑक्सिजनला चालणारं. वर्कशॉपमधलं ग्रीस, तेलकट बोट, साधं सिलिकॉन, काहीही नको. ओ-रिंग दुकानातून येते तेव्हा तिलाही तेलाचा हात लागलेला असतो, म्हणून आधी सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, स्वच्छ डबीत.

बाकी पेटीत: एक लो प्रेशर होज, एक हाय प्रेशर होज, एक सेकंड स्टेज, माउथपीस आणि झिप टाय, दोन बोल्ट स्नॅप, सेल, ॲलन की, स्पॅनर. डिन रेग्युलेटर असेल तर योकचा अडॅप्टर, कारण भाड्याची टाकी कुठल्या तोंडाची येईल सांगता येत नाही. अडॅप्टर म्हणजे एक जादा ओ-रिंग आणि २३२ बारची मर्यादा, म्हणून टाकीचं तोंड डिन निघालं तर तो काढून टाका. काही टाक्यांच्या तोंडात योकसाठीची फिरकी बसवलेली असते, ॲलन कीने ती काढली की खाली डिन असतं. जादा फर्स्ट स्टेज गटात एक पुरे, प्रत्येकाला नको.

किनाऱ्यावरचा बॅकअप

यादीत हा कुणी लिहीत नाही, आणि आमच्या मते दुसऱ्या कॉम्प्युटरच्याही आधी याचा नंबर. डीकंप्रेशनचा त्रास झाल्यास पहिला उपाय १०० टक्के ऑक्सिजन. कोविडमध्ये सगळ्यांच्या ओळखीची झालेली बी टाइप टाकी १० लिटरची असते, त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १५ लिटरने १०० मिनिटं. मालवणहून मुंबईतल्या नौदलाच्या 'आयएनएचएस अश्विनी'पर्यंत, जिथे रिकंप्रेशनची (रुग्णाला दाबाच्या खोलीत ठेवून उपचार करण्याची) सोय आहे, रस्त्याने दिवस जातो. म्हणजे एक टाकी कणकवलीच्या जरा पुढे संपली. निदान दोन न्या, आणि वाटेत कुठे भरून मिळेल त्याचा फोन आधी लावून ठेवा. रिझर्व्हायर बॅगचा मास्क सोबत हवा, नाकातल्या नळीने १०० टक्क्यांच्या जवळही पोचत नाही. फाउंड्रीला येणारा औद्योगिक ऑक्सिजन ओळखीतून सहज मिळतो, तो यासाठी वापरू नका. मेडिकलचाच, पावतीसह. डायव्हिंगचा विमा त्याच पाकिटात.

पैसे कुठे आधी

एका वेळी सगळं घेणं बहुतेकांना जमत नाही. मग क्रम असा: दोन पूर्ण रेग्युलेटर आणि लांब होज. मग वही, जादा मास्क, दोन कापणारी साधनं, दोन फुगे, हे सगळं मिळून एका रेग्युलेटरपेक्षा स्वस्त पडतं. मग किनाऱ्यावरचा ऑक्सिजन. मग दुसरा कॉम्प्युटर. गुहेत जाणार नसाल तर तिसरा टॉर्च कधीच नाही. दोन कप्प्यांची विंग वजनाच्या चाचणीत नापास झालात तरच. ट्रान्समीटर, पोनी, ती छोटी बाटली यांचे पैसे सर्व्हिसिंगला ठेवा: दोन फर्स्ट आणि दोन सेकंड स्टेज दर एक-दोन वर्षांनी उघडून साफ करायला, कंपनीच्या किटसह. सर्व्हिस होऊन आलेला रेग्युलेटर थेट खोल डाइव्हवर नेऊ नका. आधी तलावात अर्धा तास चालवा, कारण नवी सीट बसेपर्यंत दोन स्टेजमधला दाब चढत राहतो आणि सेकंड स्टेज बारीक फुसफुसायला लागतो. मधला दाब बघायचा छोटा गेज पेटीत असेल तर ते घाट उतरण्याआधी घरीच कळतं.